पहिल्या हंगामासाठी ब्रॉडहेड : हरणाच्या शिकारीत बाणाचे पाते कसे निवडावे?

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत एकेका राज्यात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा हंगाम उघडतो. बहुतेक ठिकाणी तो बंदुकीच्या हंगामाआधी सुरू होतो आणि काही राज्यांत जानेवारीपर्यंत चालतो. असा हंगाम पहिल्यांदा ठेवला तो विस्कॉन्सिन राज्याने, १९३४ साली. पुढे १९६० च्या दशकात मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी कप्प्यांवर चालणारे कंपाउंड धनुष्य बनवले आणि हा छंद सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आला. शिकार होते ती मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे तिकडच्या ‘व्हाइटटेल’ची. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांना हे हरीण परसातला भाजीचा वाफा फस्त करताना दिसते, आणि शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी शिकारीला जातो हेही कधीतरी कळते. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे इथे दिलेली सगळी माहिती अमेरिकेपुरती समजावी.

सरावाच्या बाणाला पुढे गोळीसारखे गुळगुळीत निमुळते टोक असते. त्याला फील्ड पॉइंट म्हणतात. शिकारीला निघताना ते काढून त्या जागी धारदार पोलादी पाती असलेले टोक आट्यांवर फिरवून बसवतात. हेच ब्रॉडहेड. आटे जवळपास सगळीकडे एकाच मापाचे असल्याने एका कंपनीचे टोक दुसऱ्या कंपनीच्या बाणावर सहसा बसते. तीन नगांचे पाकीट साधारण ३० ते ५० डॉलरला मिळते. अडचण अशी की दुकानाची एक अख्खी भिंत या पाकिटांनी भरलेली असते आणि प्रत्येक पाकीट आपणच सर्वांत घातक असल्याचे ओरडून सांगत असते.

बाण मारतो कसा?

आधी हे समजून घेतले की भिंतीवरची निम्मी पाकिटे आपोआप बाद होतात. रायफलची गोळी वेगाच्या जोरावर आजूबाजूच्या मांसाचीही नासधूस करते. बाणाचा वेग तिच्या सुमारे दशांश. तो धक्का देत नाही, फक्त कापतो, आणि प्राणी मरतो तो रक्तस्रावाने. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण बहुधा काही सेकंदांत, शे-दीडशे पावलांच्या आत कोसळते. तोच पोटात लागला तर तासन् तास वेदना सोसत झाडोऱ्यात दडून राहते आणि कित्येकदा सापडतही नाही.

हे क्वचित घडते असे समजू नये. मेरीलंडमधील इंडियन हेड येथील नौदलाच्या जागेवर अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदींच्या अभ्यासात, आधुनिक धनुष्यांनी बाण लागलेल्या ९०८ हरणांपैकी ७४६ शिकाऱ्यांच्या हाती आली. उरलेली १८ टक्के जखमी होऊन निघून गेली. त्यातली सगळी मेली असे नाही, वरवरच्या जखमा भरूनही येतात. पण ही संख्या कमी ठेवणे हीच ब्रॉडहेडच्या निवडीमागची खरी जबाबदारी आहे.

यासाठी बाण आरपार जाणे फार महत्त्वाचे. बहुतेक शिकारी झाडावर पाच-सहा मीटर उंचीवर बसवलेल्या मचाणावरून नेम धरतात. बाण वरून आत शिरतो, त्यामुळे शिरल्याचे छिद्र अंगाच्या वरच्या भागात असते आणि रक्त बाहेर न येता छातीच्या पोकळीतच साठत राहते. दुसऱ्या बाजूने, खाली, बाहेर पडल्याचे छिद्र असेल तर जमिनीवर माग मिळतो. म्हणून ‘किती मोठी जखम’ या प्रश्नाच्या आधी ‘बाण पलीकडे निघेल का’ हा प्रश्न विचारायचा.

दोन घराणी

पहिले घराणे स्थिर पात्यांचे. यात पाती कायम उघडी असतात, हलणारा एकही भाग नसतो. काहींत टोकापासूनच धार सुरू होते, म्हणजे कातडीला टेकताक्षणी कापणे सुरू. हा प्रकार सर्वांत जुना. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा शेवटचा माणूस म्हणून ओळखला गेलेला इशी १९११ साली बाहेरच्या जगात आला, तो काळ्या ज्वालाकाचेची आणि बाटलीच्या काचेचीही बाणाग्रे घडवत असे. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेल्या डॉक्टर सॅक्स्टन पोप यांच्यामुळे अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीची आवड पुन्हा रुजली. दुसऱ्या प्रकारात टोक छिन्नीसारखे असते आणि मागे तीन किंवा चार बदलता येणारी पाती असतात. हे टोक हाडाला चांगले टिकते.

दुसरे घराणे यांत्रिक. उडताना पाती मिटलेली असतात, अंगाला लागली की उघडतात. मिटलेल्या अवस्थेत ते फील्ड पॉइंटसारखेच उडते आणि उघडल्यावर काप मोठा, दीड ते दोन इंचांचा. रक्ताचा माग मोठा सांडतो, म्हणून ते लोकप्रिय आहे. पण पाती उघडायला आणि रुंद काप पाडायला लागणारी शक्ती बाणाच्याच खात्यातून वजा होते. तिरक्या कोनात लागले तर ते घसरू शकते, आणि पाती धरून ठेवणारी रबरी किंवा प्लॅस्टिकची कडी आधीच तुटली तर पाती उडतानाच उघडून बाण भरकटतो.

पाकिटावरच्या व्यासाला मात्र फार भुलू नये. २८ मिलिमीटर व्यासाच्या तीन पात्यांच्या टोकात प्रत्येक पाते केंद्रापासून १४ मिलिमीटर बाहेर येते, म्हणजे एकूण काप ४२ मिलिमीटर. दोन पात्यांच्या यांत्रिक टोकाचा व्यास ५१ मिलिमीटर, आणि एकूण कापही ५१ च. कागदावर दुपटीच्या आसपास वाटणारा फरक प्रत्यक्षात पाव भागाच्या आत येतो.

तुमच्या धनुष्यात किती जोर आहे?

इथे थोडे गणित करावे लागते. बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनारांची गुंज जवळजवळ दोन ग्रेन भरते. बाणाचे ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा (फूट प्रति सेकंद) वर्ग, भागिले ४,५०,२४०, की गतिज ऊर्जा फूट-पौंडांत मिळते. ६०-६५ पौंडांच्या कंपाउंड धनुष्यातून ४०० ग्रेनचा बाण २५० फुटांच्या वेगाने सुटला तर उत्तर येते सुमारे ५५. तेच ४० पौंडांच्या, कमी खेच असलेल्या धनुष्यातून ३५० ग्रेनचा बाण १९० च्या वेगाने गेला तर जेमतेम २८. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या तक्त्यात हरणाच्या आकाराच्या प्राण्यासाठी २५ ते ४१ फूट-पौंड धरलेले आहेत. म्हणजे दुसरा धनुर्धारीही हरीण मारू शकतो, पण त्याच्याकडे उधळायला शिल्लक काही नाही.

म्हणून धनुष्य ५० पौंडांखाली असेल, किंवा लाकडी पारंपरिक असेल, तर टोकापासून धार असलेले दोन पात्यांचे स्थिर ब्रॉडहेड घ्यावे. यांत्रिकचा विचारही नको. ६० पौंडांच्या पुढे दोन्ही घराणी काम करतात. तिथेही नवख्याने पहिल्या हंगामात तीन पात्यांचे स्थिर टोकच घ्यावे असे आमचे मत आहे. यांत्रिक टोक वाईट असते म्हणून नव्हे; ते धनुष्यातले दोष झाकते म्हणून. स्थिर टोक ते लगेच चव्हाट्यावर आणते.

वजनाचा प्रश्न सोपा आहे. सराव १०० ग्रेनच्या फील्ड पॉइंटने केला असेल तर ब्रॉडहेडही १०० चे, १२५ ने केला असेल तर १२५ चे.

कायदा राज्यागणिक बदलतो. कोलोरॅडो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा अनेक राज्यांत टोकाची रुंदी निदान सात-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर लागते आणि किमान दोन धारा लागतात. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत उलट्या काट्याचे, अंगात रुतून बसणारे टोक चालत नाही. ओरेगॉन आणि आयडाहोत यांत्रिक टोकांवर बराच काळ बंदी होती. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत धनुष्य-शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका पाकीट फोडण्याआधी वाचावी, कारण फोडलेले पाकीट दुकानदार परत घेत नाही.

धनुष्याशी जुळवणे

नवखे शिकारी सर्वांत जास्त टाळतात ती हीच पायरी. उन्हाळाभर फील्ड पॉइंटने सराव करायचा आणि हंगामाच्या आदल्या रात्री ब्रॉडहेड लावायचे, हा सर्रास दिसणारा प्रकार. स्थिर पाती म्हणजे बाणाच्या पुढे लावलेले छोटे पंख. बाण धनुष्यातून किंचित जरी वाकडा सुटला तरी हे पंख त्याला आणखी बाजूला ओढतात, आणि १० यार्डांवर न जाणवणारी चूक ३० यार्डांवर तळहाताएवढी होते.

हंगामाच्या निदान महिनाभर आधी सुरुवात करावी. प्रथम टोक बसवून बाण टोकावर उभा धरून भोवऱ्यासारखा फिरवायचा. टोक आणि बाण जिथे जुळतात तिथे थरथर दिसली तर टोक सरळ बसलेले नाही; दुसऱ्या बाणावर बसवून पाहावे, नाहीतर तो नग बाजूला ठेवावा. मग २० यार्डांवरून एक बाण फील्ड पॉइंटचा, एक ब्रॉडहेडचा, असे आलटून पालटून सोडायचे. लक्ष्य ब्रॉडहेडसाठीचे दाट फोमचे हवे. चिंध्या भरलेल्या पोत्यात पाती अडकतात आणि पोतेही फाटते. ब्रॉडहेड सतत डावीकडे पडत असतील तर बाण टेकतो तो आधार उजवीकडे सरकवायचा, उजवीकडे पडत असतील तर डावीकडे. एका वेळी मिलिमीटरहून कमी. दोन्ही टोके एकाच जागी पडू लागली की मग २५, ३० यार्ड. दृष्टियंत्र हलवून ब्रॉडहेडपुरता नेम जुळवणे सोपे वाटते, पण त्याने वाकडा सुटणारा बाण वाकडाच राहतो आणि वाकडा शिरलेला बाण खोल जात नाही.

ज्या अंतरावर ब्रॉडहेडचे पाचही बाण ताटलीएवढ्या वर्तुळात पडतात, तीच त्या हंगामाची मर्यादा. बहुतेकांची ती २० ते ३० यार्ड निघते. त्यापुढे आणखी एक अडचण असते. २० यार्डांवर बाण पोहोचायला साधारण पाव सेकंद लागतो, प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो, आणि दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी खाली वाकते. अंतर वाढले की हा फरकही वाढतो.

धार

नवीन पाकिटातले पातेही दर वेळी पुरेसे धारदार नसते. ताणलेल्या रबरबँडवरून हलकेच फिरवले की तो तुटला पाहिजे. बोटाने परीक्षा घेऊ नये. फोममध्ये एकदा मारलेले पाते बोथट होते, म्हणून तीनपैकी एक नग सरावाला ठेवून उरलेले दोन शिकारीसाठी कोरे ठेवावेत. बदलती पाती असतील तर नवी घालावीत, अखंड टोक असेल तर कानशीने आणि सहाणेवर परजावे. बोथट पाते रक्तवाहिनीला कापण्याऐवजी बाजूला सारते.

हीच धार शिकाऱ्यालाही कापते. टोक फिरवून बसवताना सोबत मिळणारा छोटा पाना वापरावा, भात्याला पाती पूर्ण झाकणारे टोपण असावे, आणि मचाणावर चढताना धनुष्य-बाण हातात न ठेवता वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यावेत. बाण सोडल्यावर निदान अर्धा तास खाली उतरू नये. बाण पोटात लागल्याची शंका असेल तर आठ ते बारा तास थांबावे, कारण मागावर लगेच गेले की पडून राहिलेले जखमी हरीण उठून आणखी लांब जाते.