मृगाच्या दिवशी कोसळलेला बर्फ

हिमस्खलन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पौष-माघातली थंडी येते. बर्फ म्हणजे हिवाळा, एवढाच आपला हिशेब. त्यातून आम्हां गोमंतकीयांचा बर्फाशी संबंध मासळीच्या पेटीपुरता. म्हणूनच एव्हरेस्टवरच्या पहिल्या मोठ्या अपघाताची तारीख वाचली तेव्हा मी थबकलो. ७ जून १९२२. आपल्याकडे मृग लागतो तो हा सुमार. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, घराघरांतून कौले परतून झालेली असतात. आणि तिकडे तिबेटच्या बाजूने एव्हरेस्ट चढू पाहणाऱ्या तुकडीतले सात हमाल बर्फाच्या लोटाखाली गेले. त्यांना गिळणाऱ्या बर्फाचे आणि आपल्या पावसाचे कूळ एकच. आपल्याकडे येते ती मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्राची शाखा, तिकडे पोहोचते ती प्रामुख्याने बंगालच्या उपसागराची. पण चुलत भावंडेच ती!

ब्रिटिशांनी १९२१ साली पाहणी केली होती. शिखर गाठायच्या इराद्याने निघालेली ही पहिलीच मोहीम. प्रमुख होते जनरल चार्ल्स ब्रूस. मे महिन्यात दोन प्रयत्न झाले. दुसऱ्यात जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस हे प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन ८,३०० मीटरच्या वर गेले. तोवर इतकी उंची कोणी गाठली नव्हती. पण माणसे थकली होती, कित्येकांची बोटे हिमदंशाने बधिर झाली होती, आणि पाऊस दारात उभा होता. इथेच परतायला हवे होते असे आज म्हणणे सोपे. जॉर्ज मॅलरीला मात्र आणखी एकदा जायचे होते.

जूनच्या आरंभी जोराची बर्फवृष्टी झाली. मग ऊन पडले. एक दिवस वाट पाहून ७ तारखेला सकाळी मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड आणि चौदा हमाल नॉर्थ कोल नावाच्या खिंडीकडे निघाले. ही खिंड सात हजार मीटरच्या किंचित वर आहे आणि तिच्याखालचा उतार चांगलाच तीव्र. मोहिमेचा अधिकृत वृत्तान्त १९२३ साली पुस्तकरूपाने आला. त्यातला हा भाग खुद्द मॅलरीचा आहे, आणि तो मी दोन-तीनदा वाचला. धोका त्यांना ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. पहिल्या तीव्र उतारावर त्यांनी मुद्दाम बर्फ तुडवून, चर पाडून पाहिला. बर्फ सरकला नाही. मग वरचाही सरकणार नाही असे धरून ते पुढे गेले.

दुपारी दीड-दोनच्या सुमारास दारूचा बार उडावा तसा आवाज झाला आणि पायाखालचा उतारच चालू लागला. चार दोरांवर माणसे बांधलेली होती. पहिल्या दोरावर तिघे इंग्रज आणि एक हमाल. ते थोडे घसरून वर राहिले. त्यांच्या मागच्या दोरावरचे चौघेही बचावले. उरलेल्या दोन दोरांवरचे नऊ जण मात्र एका बर्फाच्या कड्यावरून खालच्या खोल भेगेत फेकले गेले. त्यांतल्या दोघांना उकरून जिवंत काढता आले. सात गेले.

आता पाहा, चूक कुठे झाली? ताजा बर्फ उतारावर सगळीकडे सारखा बसत नाही. वारा तो एका बाजूने उचलतो आणि आडोशाच्या बाजूला नेऊन थापतो. तिथे त्याची घट्ट लादी तयार होते. लादीखाली एखादा भुसभुशीत थर असला की ती नुसती टेकलेली असते, चिकटलेली नसते. उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला म्हणजे माणसाचे वजन पुरे होते. लादी वरच्या बाजूला तडकते आणि अख्खी खाली येते. जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा लादी तोडणारा हा बळी पडलेल्यांपैकीच किंवा त्यांच्या सोबत्यांपैकी कोणीतरी असतो. म्हणजे खालच्या उताराने दिलेला कौल वरच्या उताराला लागू पडत नाही. आपल्या घाटांतल्या दरडींचेही काही वेगळे नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर आला, तोही पाण्याने जड झालेला मातीचा थर खडकावरून सुटून. तिथे दीडशेच्या वर माणसे गेली.

नेपाळ-तिबेटकडच्या पूर्व हिमालयात सर्वांत जास्त बर्फ पावसाळ्यात पडतो. हिवाळा तिथे त्या मानाने कोरडा. १७ फेब्रुवारी १९८० रोजी लेशेक चिही आणि क्शिश्तोफ व्हिएलित्स्की या पोलिश गिर्यारोहकांनी एव्हरेस्टवर भर हिवाळ्यातली पहिली चढाई केली, तेव्हा त्यांची झुंज होती ती वाऱ्याशी आणि थंडीशी. काश्मीर, लाहौल, काराकोरम इकडे उलटे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यातच बर्फ ओततात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर सुमारे १९,५०० फुटांवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांतले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद हे आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले. सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या इस्पितळात गेले. बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घसरते. त्या हिशेबात सहा दिवस बसतच नाहीत.

मॅलरीच्या काळी हे शास्त्र जवळजवळ नव्हतेच. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर वाइसफ्लुयोखला बर्फाचे थर तपासणारी लाकडी प्रयोगशाळा उभी राहिली ती १९३६ साली. आपल्याकडे मनालीला हिमस्खलन अभ्यासाची संरक्षण खात्याची संस्था १९६९ मध्ये निघाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन तिचे नावही बदलले. मात्र शास्त्राची सबब पुढे करून मॅलरीला सोडून देता येईल असे मला वाटत नाही. त्याच मोहिमेतले अनुभवी डॉक्टर लाँगस्टाफ यांनी पत्रांतून त्याच्यावर कठोर टीका केली होती. नव्या बर्फानंतर थांबावे, ही आल्प्समधल्या वाटाड्यांची जुनी शिकवण होती. एक दिवस थांबून भागले नाही, आणि त्याहून अधिक थांबायला मोसमी पाऊस सवड देणार नव्हता. पुढे जायचे की नाही हे तिघांनी ठरवले. चौदा जणांना विचारण्याची रीतच नव्हती. मॅलरीने दोष आपल्याकडे घेतला हे खरे. पण दोष घेणे आणि भोगणे यांत फरक आहे.

हे सर्वांत जास्त लागले ते सॉमरवेलला. तो शल्यविशारद, पहिल्या महायुद्धात सॉमच्या रणभूमीवर जखमींचे ढीग पाहिलेला. आम्हां इंग्रजांपैकी एकानेही त्यांच्याबरोबर का मरू नये, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहिले आहे. मोहिमेनंतर तो भारत पाहत दक्षिणेत उतरला. त्रावणकोरातल्या नेय्यूर येथील मिशन इस्पितळात रुग्णांची रीघ आणि डॉक्टरांचा तुटवडा त्याने पाहिला, आणि लंडनमधली कारकीर्द सोडून तिथेच राहिला. जवळजवळ चाळीस वर्षे तो दक्षिण भारतात शस्त्रक्रिया करीत होता. ही भरपाई होती का, ते त्याचे त्याला ठाऊक.

१९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला हिवाळी खेळांच्या समारोपात या मोहिमेला गिर्यारोहणाचे ऑलिंपिक पारितोषिक मिळाले. पदके एकवीस, त्यांतली सात त्या हमालांची, मरणोत्तर. ती सर्वांच्या वतीने स्वीकारली मोहिमेचे उपप्रमुख कर्नल स्ट्रट यांनी. आणि ऑलिंपिकच्या दप्तरात त्या सातही जणांच्या नावांपुढे देश लिहिलेला आहे, भारत.