हवालदार : सोपवलेल्याचा राखणदार

अरबी ‘हवाला’ म्हणजे सोपवणे. त्याला फारसी ‘दार’ हा प्रत्यय जोडला गेला आणि ‘हवालदार’ झाला : ज्याच्या हवाली काही केले आहे, तो. ‘हवाली करणे’ आणि ‘हवालात’ हीदेखील याच कुळातली.

शिवकाळात गड ज्याच्या हवाली असे, तो गडाचा हवालदार. सभासद बखरीनुसार सबनीस आणि सरनोबत हे त्याच्या बरोबरीचे अधिकारी होते. कारभार तिघांनी मिळून करायचा, म्हणजे एकट्याच्या फितुरीने गड जाणार नाही. घोडदळातही पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे.

इंग्रजांच्या हिंदी फौजेने हा शब्द उचलला आणि तो वायव्य सरहद्दीपर्यंत गेला. तिथे समाना डोंगररांगेवर लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे दोन किल्ले होते. ते एकमेकांना दिसत नसत, म्हणून मध्ये सारागढीची चौकी होती. तिथून आरशावर सूर्यप्रकाश चमकवून निरोप पुढे धाडत. १२ सप्टेंबर १८९७ रोजी हजारो पठाणांनी चौकीला वेढा दिला. आत ३६व्या शीख पलटणीचे २१ जवान होते. त्यांचा नायक होता हवालदार ईशर सिंग. एकवीसही जण लढता लढता पडले.

१९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीदही हवालदारच होते.

आज भारतीय सैन्यात बाहीवर तीन फिती लावणारा हवालदार असतो, आपल्या पोलीस ठाण्यातही हवालदार असतो. हा शब्द किरकोळ समजून उच्चारू नका. त्यात विश्वासाने सोपवलेली जबाबदारी आहे.