वागळे इस्टेट आणि तिच्यामागचा मुलूख

कोणत्याहि प्रदेशाच्या संपत्तीचा हिशोब मांडतांना सरासरी काढण्याची चाल आहे. ही चाल सोयीची खरी. परंतु जेथें एकाच जिल्ह्यांत कारखान्यांचे भोंगे आणि नाचणीच्या भाकरीलाहि महाग झालेले पाडे शेजारींशेजारीं नांदतात, तेथें सरासरी हें सत्य सांगण्याचें साधन न राहतां तें झांकण्याचें साधन बनतें. ठाणें जिल्ह्याचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास हा या विधानाचा उत्तम पुरावा होय असें आम्हांस वाटतें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली चौदा डब्यांची आगगाडी एकवीस मैलांचा प्रवास करून ठाण्यास पोंचली. दुसऱ्याच वर्षीं हा मार्ग कल्याणपर्यंत गेला आणि १८६५ सालीं थळ घाट चढून वर पोंचला. हिंदुस्थानांतील पहिला लोहमार्ग ज्या मुलुखास लाभला तो मुलूख मागासलेला कां रहावा, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर असें कीं, रूळ दोन्ही दिशांनीं जात असले तरी संपत्ति बहुधा एकाच दिशेनें गेली. लांकूड, कोळसा, गवत यांची मुंबईस अखंड गरज होती व ती या जिल्ह्यानें पुरविली. पुढें १८७८ च्या कायद्यानें सरकारनें रानांवरील आपला ताबा घट्ट केला. त्यामुळें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला कीं १८८५ सालीं सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें. रान गेलें, जमीन सावकाराकडे गेली आणि मूळचा धनी वेठीस लागला. वारल्यांच्या या स्थितीचें वर्णन सिमिंग्टन नांवाच्या सरकारी अधिकाऱ्यानें १९३९ च्या आपल्या अहवालांत केलें आहे. आणि १९४५ सालीं तलासरी-उंबरगांवकडे गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वेठीविरुद्ध जो उठाव झाला, त्याचें कारण त्याच अहवालांत वाचावयास मिळतें.

स्वातंत्र्यानंतर व विशेषतः महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर या दुखण्यावर उद्योगधंद्यांचा उपाय योजण्यांत आला. १ ऑक्टोबर १९६० रोजीं औद्योगिक विकास मंडळ नेमलें गेलें, आणि १ ऑगस्ट १९६२ रोजीं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालीं वागळे इस्टेट येथें झालेल्या एका छोटेखानी समारंभांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. कल्पना मोठी सुज्ञपणाची होती. लहान कारखानदारास जमीन, रस्ते, पाणी व वीज हीं एकेकट्यानें मिळवितां येत नाहींत. तीं सरकारनें आधींच सिद्ध करून ठेवावींत, म्हणजे मुंबईची गर्दी हलकी होईल आणि खेड्यांतील हातांस काम मिळेल. १९६४ सालीं मुंबई-ठाणें-पुणें या पट्ट्याबाहेर कारखाने काढणारांस सवलती देण्याची योजनाहि निघाली.

यांतून कांहींच निष्पन्न झालें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली येथील कारखान्यांवर हजारों कुटुंबें उभीं राहिलीं, मुलें शिकलीं, आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं घरें त्याच पगारांतून झालीं असतील. परंतु कारखान्यास पाहिजे होता तो शिकलेला, यंत्र जाणणारा कामगार. ज्या पाड्यावर शाळाच धड चालत नव्हती, तेथील तरुणास हें दार उघडें असूनहि बंदच होतें. तो दिवाळीनंतर बायकामुलांसह भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर आला आणि पावसाच्या तोंडावर परत गेला. ज्या विटांनीं शहर वाढलें त्या त्याच्या हातच्या. वाढलेल्या शहरांत मात्र त्याचें नांव नाहीं.

पाण्याची कथा याहून बोलकी आहे. १८९२ सालीं तानसा धरण पुरें झालें. पुढें वैतरणेवर आणि भातसेवर धरणें झालीं. या सर्वांचें पाणी प्रचंड नळांतून मुंबईस जातें. तथापि हीं धरणें ज्यांच्या पंचक्रोशींत आहेत त्या शहापूर तालुक्यांतील कित्येक गांवांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पहावी लागते. कारखान्यांस पाणी देणाऱ्या बारवी धरणासाठीं मुरबाड तालुक्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. पाणी अडविण्याची विद्या आपणांस साधली, वांटण्याची साधली नाहीं.

मग हें कोणाच्या ध्यानांत कसें आलें नाहीं? येथेंच सरासरी आडवी येते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९८४ सालीं राज्याच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशोब अत्यंत परिश्रमपूर्वक मांडला. पण त्यांतील एकक जिल्हा हें होतें. ठाणें, कल्याण व मोखाडा एकाच तागडींत घातल्यावर मोखाड्याचें दैन्य दिसावें कसें? तें दिसलें १९९२ सालीं, जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें मुलें कुपोषणानें दगावलीं तेव्हां. २०११ च्या जनगणनेंत एक कोटी दहा लाखांवर वस्तीचा हा जिल्हा देशांत सर्वांत मोठा ठरला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला. महामंडळाच्या जन्मास त्या दिवशीं बरोबर बावन्न वर्षें झालीं होतीं. नवें कचेरीगृह जवळ आलें हा लाभ लहान नव्हे. परंतु सीमा बदलल्यानें अंतर मिटतें असें मात्र नाहीं.

या निराशेंत एक उदाहरण आम्हांस आशादायक वाटतें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेसाठीं १९७५ सालीं शहरांतील नोकरदारांवर व्यवसायकर बसविण्यांत आला, आणि १९७७ सालीं त्या हमीस कायद्याचें रूप मिळालें. शहरानें खेड्याचें ऋण अंशतः तरी मान्य केल्याचा हा दाखला होय. पगारपत्रकावरील ती लहानशी वजावट पाहून आपण कुरकुरतों. ती कशाकरितां सुरू झाली हें आपल्या मुलांस कितीजणांनीं सांगितलें आहे?

वागळे इस्टेटचेंहि रूप आतां पालटलें आहे. १९८० नंतर हळूहळू अनेक कारखाने बंद पडले वा दूर गेले. त्यांच्या जागीं संगणकावर काम करणाऱ्या कचेऱ्यांचे कांचेचे मजले उभे आहेत. तेथें शिरण्यास लागणारी विद्या पूर्वींहून अधिक, म्हणजे मोखाड्याहून तेथवरचें अंतरहि अधिक. मुरबाड-शहापूरकडून पहांटे निघून आमच्या वर्गांत येऊन बसणारे विद्यार्थी आम्ही पाहतों, तेव्हां हें अंतर तोडण्याची हिंमत त्यांच्यांत आहे याविषयीं आमची खात्री पटते. रस्त्याचा अर्धा भाग ते चालून येतात. उरलेला अर्धा आपला आहे.