फक्कीच्या रेघा : राजूर, वणी आणि कॉलेजातले खेळ

महाविद्यालयांचे जुने वार्षिकांक चाळण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. प्राचार्यांचे मनोगत, विद्यार्थ्यांच्या कविता, एखादी भाबडी कथा, हिंदी-इंग्रजी विभाग असे सगळे उरकल्यावर अगदी शेवटच्या पानांवर 'क्रीडा विभागाचा अहवाल' येतो. त्यात अमुक स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत मजल, तमुक खेळाडूची विद्यापीठ संघात निवड, आणि खाली खुर्च्यांवर बसलेल्या गुरुजनांच्या मागे उभ्या असलेल्या पोरांचे एक धूसर छायाचित्र. आपण साहित्याचे लोक कवितांपाशी थांबतो. ती पाने कुणी वाचत नाही. आमच्याकडील कॉलेजांतल्या खेळांचा इतिहास मात्र लिखित स्वरूपात असलाच तर बव्हंशी तिथेच आहे.

आम्ही मूळचे राजूरचे. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातली ही वस्ती कोळशाची आणि चुन्याची. आजही बाहेरची मंडळी 'राजूर कॉलरी' असेच म्हणतात. पोटापाण्यासाठी परप्रांतांतून आलेली माणसे आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे इथे एकाच धुळीत राहिली. आमच्या लहानपणी मोकळ्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल चाले, बहुतेक अनवाणीच. १९११ साली मोहन बागानने इंग्रज पलटणीचा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा त्यांचेही खेळाडू बहुतांशी अनवाणीच होते, हे आम्हांला फार पुढे वाचनात आले. तोवर अनवाणी खेळणे ही केवळ गरिबी आहे असेच आम्ही समजत होतो. चुन्याच्या भट्ट्यांमुळे आणखी एक गोष्ट झाली. मैदानाच्या रेघा मारायला लागणारी फक्की आम्हांला कधी विकत आणावी लागली नाही. पुढे वणीला कॉलेजात गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी फक्कीचे पोते राजूरहून सायकलवर नेण्याचे काम आमच्याकडे असे. खेळाडू म्हणून आमची योग्यता तेवढीच होती. प्रेक्षक म्हणून मात्र आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहोत, आणि जे लिहितो आहोत ते त्याच नात्याने.

कॉलेजातल्या खेळाचा विषय निघाला की अमेरिकेचे नाव येते, आणि ते रास्तही आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना तिकडच्या कॉलेज फुटबॉलचा आरंभ मानतात. तो फुटबॉल आपला नव्हे, आणि पुढे तो इतका हिंस्र झाला की १९०५ साली मैदानावरच्या मृत्यूंनी देश हादरला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि त्या धामधुमीतून १९०६ साली आज 'एनसीएए' म्हणून ओळखली जाणारी संघटना उभी राहिली. बास्केटबॉलचे राष्ट्रीय सामने १९३९ पासून सुरू झाले. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. आमच्या वणीच्या मैदानावर, कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले धरून, फार तर चारशे असत.

पण या तुलनेत आम्हांला रस आहे तो आकड्यांमुळे नव्हे. सारे शतकभर अमेरिकेत एक वाद चालला : कॉलेजात खेळणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही? संघटना म्हणे, तो विद्यार्थी आहे, हौशी आहे. शिष्यवृत्ती घ्यावी, वेतन घेऊ नये. प्रशिक्षक मात्र लाखो डॉलर्स घेत. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली. जुने शौकीन हळहळले. खेळाचे पावित्र्य गेले, असे म्हणू लागले.

हे 'पावित्र्य' आले कुठून, याचा शोध घेतला तर मोठी मौज दिसते. इंग्लंडमधल्या हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या चालकांनी १८७९ साली 'हौशी' कुणाला म्हणावे याची व्याख्या केली. तीत पैशासाठी खेळणारा बाद होताच. पण त्याबरोबर पोटासाठी कारागिरी वा मजुरी करणाराही बाद होता. म्हणजे त्याने खेळाचा एक छदाम घेतला नसला तरी तो मजूर आहे एवढ्यानेच तो हौशी ठरत नसे. हौस ही ज्याला वेळ परवडतो त्याची मालमत्ता. आम्ही ही व्याख्या प्रथम वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर राजूरची भट्टी आली. का, ते पुढे सांगू.

आपल्याकडे हा हौशीपणा इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ चे, आणि नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. मुंबईत याच काळात क्रिकेटचे मोठे सामने धर्मावर लागत. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशी चौरंगी १९१२ पासून, १९३७ पासून पंचरंगी. १९३५ साली विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. आमच्या मते या करंडकाचे महत्त्व क्रीडा-इतिहासाच्या बाहेरचेही आहे. आपण कोणाच्या बाजूने ओरडायचे याला जन्माव्यतिरिक्त एक उत्तर त्याने दिले. पंचरंगी १९४६ मध्ये संपली. विद्यापीठांचे सामने राहिले, आणि गावस्करांपर्यंत मुंबईचे कितीतरी फलंदाज त्या वाटेने वर आले.

बास्केटबॉलची वाट निराळी. १८९१ च्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ असताना आत खेळता यावा म्हणून स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला. तिथेच शिकलेले हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था उभारली. वायएमसीएच्या अशा माणसांकरवी खेळ हिंदुस्थानभर गेला. बर्फापासून पळण्यासाठी निघालेला हा खेळ विदर्भात सिमेंटच्या उघड्या मैदानावर आला. फेब्रुवारी सरला की दुपारी त्या सिमेंटवर पाय ठेवून पाहावा. शिवाय सिमेंट आणि लोखंडी खांब यांना पैसा लागतो, म्हणून बास्केटबॉल नागपूर-अमरावतीच्या पलीकडे फारसा रुजला नाही. आमच्यासारख्या ठिकाणी फुटबॉल, व्हॉलीबॉल, खो-खो आणि मुख्यतः कबड्डी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. त्यामुळे वऱ्हाडातल्या कबड्डीपटूला आपला खेळ गावंढळ आहे असे कधी वाटले नाही. मराठी वृत्तपत्रांत या खेळांना सन्मानाची जागा मिळण्यासाठी मात्र वि. वि. करमरकरांची वाट पाहावी लागली.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळ जिल्हा नागपूर विद्यापीठातून तिकडे गेला. वऱ्हाडासाठी ते योग्यच होते. पण आमचा वणीचा कोपरा असा, की वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. शेजारची कॉलेजे नागपूर विद्यापीठात राहिली (२०११ पासून ती गोंडवाना विद्यापीठात आहेत), आणि ज्यांच्याशी खुन्नस होती तेच प्रतिस्पर्धी आंतरमहाविद्यालयीन वेळापत्रकातून नाहीसे झाले. शैक्षणिक इतिहासात या गोष्टीची नोंद कोण घेणार? पण खेळात शत्रू जवळचाच लागतो. बुलढाण्याच्या संघावर आम्हांला मनापासून चिडता येईना.

आणि आता जी घटना सांगायची ती या फाळणीच्या आधीची, १९८२ च्या हिवाळ्यातली. आमच्या संघात उजव्या कोपऱ्यात खेळणारा एक मुलगा होता. नाव सांगत नाही. घोट्याची पकड अशी, की चढाई करणारा त्याच्या बाजूला जाणेच टाळी. तळहात कळीच्या चुन्याने भेगाळलेले. पकड सुटत नाही ती त्यामुळेच, असे तो हसून म्हणे. तो आणि त्याचे वडील भट्टीवर रोजीने होते. सामन्याच्या दिवशी रोजी बुडे. कॉलेज प्रवासखर्च आणि केळी देई, रोजी देण्याची तरतूद कुठल्याच नियमात नव्हती. नागपूरच्या एका संघाविरुद्ध उपान्त्य सामना दोन तास उशिरा सुरू झाला. मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी पुढे होतो. भट्टीतला चुना त्या रात्री काढायचा होता, वडील आजारी होते, आणि राजूरकडे जाणारी शेवटची गाडी गाठायची होती. त्याने कपडे बदलले, कप्तानाशी दोन शब्द बोलला आणि गेला. आम्ही चार गुणांनी हरलो. त्या रात्री आम्ही त्याला पुष्कळ बोललो, त्याच्या माघारी.

म्हणून अमेरिकेतल्या शौकिनांचे उसासे आम्हांला पटत नाहीत. खेळाडूला पैसे मिळाल्याने खेळ बिघडतो असे म्हणणाऱ्याने न मिळाल्याने काय होते तेही पाहिलेले असावे. तिकडचा नवा बाजारही काही निर्मळ नाही. चांगला खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतो आणि गावाचे नाते तुटते, ही तक्रार खरी आहे. आपल्याकडे राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते चांगलेच आहे. पण ते पदक मिळाल्यावर. पदकाच्या आधीच्या चार वर्षांची रोजी कुणी द्यायची? त्यातच सत्र पद्धतीने वर्षाचे दोन तुकडे झाले, आणि स्पर्धांचा हिवाळा परीक्षांनी खाल्ला. २०१४ पासून प्रो कबड्डीने काही मुलांना खरोखर पैसा दिला. मात्र तिथवर जाणारा रस्ता कॉलेजाच्या मैदानावरून जातो की त्याला वळसा घालून, हे आमच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापक मित्रांना विचारावे. ते उत्तर देण्याआधी थोडे थांबतात.

मध्यंतरी आम्ही त्या वर्षीचा वार्षिकांक मिळवला. शेवटून तिसऱ्या पानावर अहवाल आहे : 'कबड्डी संघाने उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली.' खाली छायाचित्र. बारा जणांच्या संघातले अकरा उभे आहेत. छायाचित्र कामाच्या दिवशी सकाळी काढले होते.