विजेच्या वाटेनें औषध

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्र आणि डोंगर यांच्यामध्यें, डहाणू आणि तलासरी हे तालुके आहेत. पाऊस लागून रहाला कीं येथें भाताची लावणी सुरू होते. वारली बायका-पुरुष सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चिखलांत वांकून उभे असतात. पायांची कातडी पांढरी पडते, सुरकुतते. पण शेतांतलें पाणी कांहीं अंगांत शिरत नाहीं. संध्याकाळीं सांधा धरला, सूज आली, म्हणजे निरगुडीचा पाला गरम करून त्यावर बांधावयाचा, हा उपाय महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. त्यानें आराम पडतो. परंतु पाल्यांतलें औषध सुजेपर्यंत पोंचलें कीं केवळ ऊब पोंचली, हा प्रश्न उरतोच. जी कातडी दिवसभर पाण्याला आंत येऊं देत नाहीं, तिनें रात्रीं औषधाला वाट कां द्यावी? याच प्रश्नाचा पाठलाग युरोपांतील पंडितांनीं सुमारें दीडशें वर्षें विजेच्या साह्यानें केला. त्याचा इतिहास जितका विजेचा, तितकाच माणसाच्या भोळेपणाचा आणि शहाणपणाचा आहे.

वारल्यांच्या जुन्या घराचा कुड कारवीच्या काठ्यांचा असतो, आणि त्यावर शेणमातीचें सारवण असतें. कातडीच्या अगदीं वरच्या थराची रचना अशीच आहे. मेलेल्या, चपट्या पेशी या काठ्या. त्यांना सांधणारीं स्निग्ध द्रव्यें हें सारवण. शरीराच्या बहुतेक भागीं हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहून फारसा जाड नसतो. तरी पाणी आणि पाण्यांत विरघळणारीं बहुतेक औषधें तो बाहेरच थोपवून धरतो. या कुडाला बारीक भोंकें मात्र आहेत: घामाचीं छिद्रें आणि केंसांच्या मुळांच्या वाटा. तेथून औषध आपण होऊन फारसें जात नाहीं. त्याला मागून कोणी तरी ढकलावें लागतें.

ढकलण्याचें हें काम वीज करील, अशी कल्पना अठराव्या शतकांत निघाली. व्हेनिस येथील पिवाती यानें १७४७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, कांचेच्या नळींत औषध घालून ती बंद करावी आणि घांसून तींत वीज उत्पन्न करावी. म्हणजे औषधाचा गुण कांचेच्या पार होऊन रोग्याच्या अंगांत उतरतो. सुगंधी बाल्सम भरलेल्या नळीनें रोग्याच्या घामालाहि तोच वास येतो, असें तो सांगे. इटलींतील आणखी कांहीं विद्वानांनीं तसाच अनुभव आल्याचें कळविलें. पॅरिसमध्यें आबे नोले हा विद्युत्शास्त्राचा नामांकित अभ्यासक होता. त्यानें हे प्रयोग करून पाहिले. ते साधले नाहींत. पण नुसतें नाक मुरडून तो स्वस्थ बसला नाहीं. १७४९ सालीं तो स्वतः इटलींत गेला आणि त्यानें प्रत्यक्ष प्रयोग दाखविण्याची मागणी केली. पिवातीला तो दाखवितां आला नाहीं. औषधी नळ्यांची कीर्ति तेथेंच ओसरली.

कल्पना मात्र मेली नाहीं. तिला लागणारें शास्त्र अजून जन्मास यावयाचें होतें. १८०० सालीं व्होल्टानें विजेचा अखंड प्रवाह देणारी रास सिद्ध केली. १८३४ सालीं फॅरेडेनें द्रवांतून विजेबरोबर चालणाऱ्या कणांना ‘आयन’ हें नांव दिलें. स्वीडनच्या अर्‍हेनियसनें १८८४ पासून या कणांची उपपत्ति मांडली. तिचा अर्थ स्वयंपाकघरांतल्या मिठावरून समजतो. मीठ पाण्यांत विरघळलें कीं त्याचे दोन प्रकारचे कण सुटे होतात. सोडियमचे धनभारित आणि क्लोराइडचे ऋणभारित. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. तेव्हां धनभारित औषध कातडीवर ठेवून त्यावर विजेचें धनाग्र ठेवलें, तर तें औषध आंत लोटलें जावें. ऋणभारित औषधावर ऋणाग्र ठेवावें.

न्यूयॉर्कच्या विल्यम मॉर्टन यानें १८९८ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. शिसपेन्सिलींत वापरतात त्या ग्रॅफाइटची बारीक पूड त्यानें विजेच्या प्रवाहानें स्वतःच्या दंडांत लोटून पाहिली. कातडीवर उठलेले काळे ठिपके कित्येक आठवडे टिकले. वारली स्त्रियांच्या हातांवर सुईनें गोंदलेलें गोंदण जन्मभर टिकतें. हें गोंदण सुईवांचून उमटलें आणि कांहीं दिवसांनीं गेलें. कातडीच्या छिद्रांतून वाट आहे, इतकें त्यानें दिसून आलें.

तरीहि शंकेखोराला विचारतां येई: वीज औषधाला ढकलते, कीं नुसती कातडी मऊ करते? याचें उत्तर फ्रान्समधील नांत येथील प्राध्यापक स्तेफान लद्युक यानें विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दिलें. त्यानें दोन ससे घेऊन एकच प्रवाह दोघांच्या अंगांतून पाठविला. पहिल्या सशाच्या कातडीवर, धनाग्राखालीं, कुचल्याच्या बियांतलें स्ट्रिक्नीन होतें; दुसऱ्याच्या कातडीवर, ऋणाग्राखालीं, पोटॅशियम सायनाइड. पहिल्याला झटके आले, दुसरा सायनाइडच्या विषानें मेला. मग लद्युकनें तींच विषें ठेवून प्रवाहाची दिशा तेवढी उलटी केली. या वेळीं सशांना कांहींच झालें नाहीं. प्रवाह तोच, विष तेंच, कातडीहि सशाचीच. बदलली ती केवळ दिशा. आतां सायनाइडच्या जागीं निरुपद्रवी पोटॅशियम आणि स्ट्रिक्नीनच्या जागीं निरुपद्रवी सल्फेट आंत जात होतें. मुक्या प्राण्यांचा जीव घेणारा हा प्रयोग आज वाचवत नाहीं. पण विजेनें औषध ठराविक नियमानेंच आंत जातें, ही गोष्ट त्यानें वादापलीकडे नेली.

पुढील शतकांत या उपायाच्या मर्यादाहि कळल्या. औषधाचे कण लहान आणि भारित असले पाहिजेत, आणि अल्प मात्रेंत गुण देणारें औषध हवें. इन्शुलिनसारखे मोठे कण या वाटेनें पुरेसे जात नाहींत. प्रवाह अधिक झाला किंवा एकाच जागीं सांचला, तर आम्ल व क्षार तयार होऊन कातडी भाजते. अमेरिकेंत अर्धशिशीच्या औषधाची विजेवर चालणारी एक पट्टी २०१३ सालीं मान्य झाली. भाजल्याच्या तक्रारी येतांच २०१६ सालीं तिची विक्री थांबली. उलट गिब्सन आणि कुक यांनीं १९५९ सालीं पायलोकार्पिन नांवाचें घाम आणणारें औषध विजेनें कातडींत सोडण्याची रीत बसविली. त्या घामांतलें क्लोराइड मोजून ‘सिस्टिक फायब्रोसिस’ हा मुलांचा आनुवंशिक रोग ओळखतात. साध्या पाण्यांतून सौम्य प्रवाह देऊन तळहातांचा अतिरिक्त घामहि आवरतां येतो. मुंबईंत १९५० नंतरच्या दशकांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराचें शिक्षण सुरू झालें; त्या विद्येच्या अभ्यासक्रमांत हा विषय आजहि आहे.

डहाणूच्या खाडीकाठीं १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॅट क्षमतेचें औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें. औषध कातडींतून नेण्यास मात्र साधारणपणें चार मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागत नाहीं. तो लहानशी बॅटरीहि देते. उणीव असते ती विजेची नव्हे. कोणतें औषध कोणत्या अग्राखालीं ठेवावें, प्रवाह किती आणि किती मिनिटें द्यावा, हें जाणणारें माणूस लागतें. तें नसेल तर यंत्र म्हणजे पिवातीची नळीच. सुई टोचली कीं खरें औषध मिळालें, असें पाड्यांवर अनेकांना वाटतें. झिणझिण्या आल्या कीं खरा उपचार झाला, असें शहरांतल्या सुशिक्षितांनाहि वाटतें. दोन्ही समजुती एकाच जातीच्या आहेत.

म्हणून नोलेची ती पायपीट आणि लद्युकनें उलटी केलेली ती दिशा, या दोन गोष्टी विसरण्याजोग्या नाहींत. नवें दिसलें म्हणून नोलेनें तें झिडकारलें नाहीं, आणि प्रत्यक्ष पाहिल्यावांचून स्वीकारलेंहि नाहीं. निरगुडीचा पाला असो, भगताचा अंगारा असो, कीं चकचकीत डब्यांतलें विजेचें यंत्र असो, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: तारा उलट्या जोडल्या तर काय होईल? ज्या उपायाजवळ या प्रश्नाचें उत्तर आहे, तोच रोग्याच्या विश्वासाला पात्र होय.