जमिनीचा ठसा

१७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर पृथ्वीचं वस्तुमान काढायचा खटाटोप सुरू झाला. त्यासाठी आधी डोंगराचं आकारमान हवं होतं. मोजणीतून आलेल्या आकड्यांच्या ढिगाऱ्यात गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले, आणि कागदावर डोंगर उभा राहिला. त्या समोच्च रेषा पुढे विमानाला वाट दाखवायच्या कामी आल्या.

गायरोस्कोपच्या भरवशावर उडणारं यंत्र बाहेर न बघता आपली जागा ओळखतं. पण त्याची बारीकशी चूक साचत जाते आणि तासाभरात मैलभराचा फरक पडू शकतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अणुभट्टीवर चालणाऱ्या एका क्षेपणास्त्राची आखणी चालू होती. ते अगदी खालून, हजारो मैल जाणार होतं. त्याच्यासाठी व्हॉट कंपनीत जी युक्ती निघाली तिचं नाव ‘फिंगरप्रिंट’, म्हणजे बोटाचा ठसा.

मला या युक्तीतली वजाबाकी फार देखणी वाटते. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, रडारचा उंचीमापक पायाखालच्या जमिनीपासूनची. समजा, पहिला म्हणाला २००० फूट आणि दुसरा १४००, तर खालची जमीन ६०० फुटांवर. पुढे ६४०, मग ७१०, मग ६९०. आकड्यांची ही माळ साठवलेल्या नकाशावर एकेक घर सरकवत लावून बघायची. जिथे फरक सर्वांत कमी, तिथे आपण.

१९६४मध्ये ते भयंकर क्षेपणास्त्र रद्द झालं, हे बरंच झालं. युक्ती मात्र टिकली आणि ‘टेरकॉम’ या नावानं ‘टॉमाहॉक’ क्षेपणास्त्रांमध्ये गेली. तिची अडचणही तिच्या स्वभावातच आहे: सपाट जमिनीला ठसा नसतो आणि समुद्राला तर नाहीच. १९९१च्या आखाती युद्धात इराकच्या सपाट वाळवंटात हीच पंचाईत झाली, म्हणून काही टॉमाहॉकचे मार्ग इराणच्या डोंगरांवरून आखावे लागले. ब्रिटिशांनी याच जातीची ‘टेरप्रॉम’ ही प्रणाली लढाऊ विमानांत बसवली. पुढचा डोंगर जवळ येतोय, हा इशाराही ती वैमानिकाला देते.

असे उंचीचे नकाशे दीर्घकाळ बहुतेक लष्करांच्याच कपाटांत होते. फेब्रुवारी २०००मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानानं ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला रडारचा अँटेना लावून अकरा दिवसांत पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजली. ते आकडे आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.