अंतेवासी : जपानी लघुकविता आणि मराठी हायकू

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागी भग्न शिल्पाजवळ एक त्रोटक ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढेच तो सांगतो. कर्त्याचे नाव येते ते गुरूच्या नावाला बिलगून. ही कविता नव्हे. आणि कोंडाण्याचे जपानशी नाते जोडण्याचा खटाटोपही येथे करावयाचा नाही. परंतु अल्पाक्षरी संहितेत माणसामाणसांतील नाते हेच रचनातत्त्व कसे होते, ते हा लेख दाखवितो. जपानी लघुकवितेच्या मराठीतील स्वीकारात नेमके हेच तत्त्व निसटले आहे.

आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या सुमारे ४,५०० कवितांच्या संकलनात ‘सोमोन’ हा स्वतंत्र वर्ग आहे. त्या संज्ञेचा अर्थच परस्परांची विचारपूस. पुढे बाशोच्या (१६४४–१६९४) काळी बैठकीत अनेकांनी मिळून साखळीकविता रचावी, आरंभीचा ‘होक्कू’ पाहुण्याने म्हणावा आणि त्याला जोड यजमानाने द्यावी, असा शिष्टाचार होता. होक्कूतील ऋतूचा उल्लेख म्हणूनच निव्वळ निसर्गवर्णन नसे. १६८९च्या प्रवासात बाशो ओबानाझावा येथे सेइफू या करडईच्या फुलांच्या धनिक व्यापाऱ्याकडे उतरला. तेथील त्याच्या होक्कूचा विषय उन्हाळ्यातला गारवा आहे. पण तो गारवा यजमानाच्या घराचा आहे, आणि त्याची स्तुती हे पाहुण्याचे आभारप्रदर्शन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने होक्कूला साखळीतून सोडवून ‘हायकू’ म्हणून स्वतंत्र प्रतिष्ठा दिली.

शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी मराठीत हायकू रुजविला तो या सुट्या रूपात. आपल्या समीक्षेने त्यालाच मूळ रूप मानले आणि एकाकी कवीच्या क्षणानुभूतीपलीकडे बहुधा पाहिले नाही. हा दोष कवयित्रीचा नव्हे. खरे तर मराठी अभ्यासकाला दुसरी वाट घरातच उपलब्ध होती. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेली ‘गाथासप्तशती’ वाचताना कोण, कोणाला आणि कोणाच्या देखत बोलते आहे, हे ठरविल्यावाचून गाथेचा अर्थच लागत नाही. सखी, सासू, वाटसरू यांच्या उपस्थितीनेच तिच्यातील नदी किंवा शेत बोलके होते. ओबानाझावाचा गारवा मराठीत उतरविताना सेइफू वगळला, तर उरते ती उन्हाळ्यातली एक दुपार.